भुईभाडं

मी हात वर केला, आणि तो खोटा होता.

झालं असं, की मार्चमधल्या एका संध्याकाळी आमच्या गावच्या केबल स्टुडिओत, म्हणजे गावाचं स्वतःचं चॅनेल जिथून चालतं तिथे, स्वयंसेवकांची बैठक होती. अकरा जण होतो. सार्वजनिक इमारतीच्या तळघरातली ती खोली, एका भिंतीला काळा पडदा, दुसरीला हिरवा, कोपऱ्यात हीटरची घरघर आणि जुन्या गालिच्याला येणारा ओल्या लोकरीसारखा वास. मॅसॅच्युसेट्समध्ये मार्च म्हणजे वसंत, असं फक्त कॅलेंडरला वाटतं. बाहेर काळपट बर्फाचे ढीग तसेच पडलेले होते. स्टुडिओच्या मॅनेजरबाईंनी पैशांचा कागद टेबलावर ठेवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "इथे अजून केबल कोणाकोणाकडे आहे? टीव्हीची म्हणतेय मी, इंटरनेटची नव्हे." तीन हात वर झाले. त्यातले दोन सत्तरीच्या पुढचे. आणि मग चौथा, माझा. कोपरात वाकवलेला, शाळेत उत्तर येत नसताना आपण करायचो तसा. "चार," बाई म्हणाल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी केबलचा डबा जानेवारीतच परत करून आलो होतो.

तो परत करायला गेलो तेव्हा दुकानात रांग होती. प्रत्येकाच्या काखेत एक काळा डबा आणि त्याची लोंबणारी वायर. गुरांच्या दवाखान्यात आपापलं जनावर घेऊन लोक उभे असावेत तसं दिसत होतं. काउंटरवरच्या पोराने कारण विचारलं. मी म्हणालो, महाग पडतं. त्याने मान वर न करता ते टाइप केलं. दिवसभर तो तेच टाइप करत असणार. घरी येताना मला खरं सांगायचं तर आनंदच झाला होता. त्या बिलात चाळीस ओळी असायच्या, आणि त्यातल्या तळाच्या दोन ओळींवर माझा विशेष राग होता. एक 'फ्रँचाईज फी' आणि तिच्याखाली स्थानिक चॅनेलसाठीची एक छोटीशी रक्कम. दोन्ही मिळून एका बऱ्या कॉफीइतके पैसे. पण दर महिन्याला बिल उघडलं की मी पुटपुटायचो, हे कशाला, ते कशाला. ज्या स्टुडिओत मी नऊ वर्षं कॅमेरा धरतोय, त्याच्या कॅमेऱ्याचे, दिव्यांचे, हीटरचे पैसे त्या दोन ओळींतून येतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. पण डोक्याच्या एका खोलीत मी स्वयंसेवक होतो आणि दुसऱ्या खोलीत ग्राहक, आणि मधलं दार कधी उघडलंच नव्हतं.

आप्पांनी ते लगेच उघडलं असतं.

माझे वडील सांगली जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत कारकून होते आणि बाजाराच्या दिवशी भुईभाडं गोळा करायला जायचे. सुट्टी असली की मीही मागे मागे. खाकी झोळी, निळा कार्बन घातलेलं पावतीपुस्तक, कानावर पेन्सिल. डोक्यावरची पाटी खाली ठेवून बसलेल्या बायांना एक दर, हातगाडीला दुसरा, ताडपत्री ठोकून बसणाऱ्याला तिसरा. कोथिंबीर, शेण, तळणीतली भजी आणि ओल्या गोणपाटाचा तो एकत्र वास अजून नाकात आहे. बाया कुरकुरायच्या, "आप्पा, भवानी तर होऊ द्या," आणि आप्पा म्हणायचे, "बरं, परतताना येतो." आणि खरंच परतताना जायचे. एकदा एक बांगड्यांचा व्यापारी बैलगाडीतच दुकान थाटून बसला. भाडं मागितल्यावर म्हणाला, "मी कुठं तुमच्या भुईवर बसलोय? मी माझ्या गाडीत बसलोय." आजूबाजूचे हसले. आप्पा हसले नाहीत. त्यांनी पेन्सिल कानावरून काढली, वाकून गाडीखाली पाहिलं आणि विचारलं, "चाकं कशावर आहेत?"

अमेरिकेतलं केबलचं सगळं कायदेकानून मला त्या वाकण्यातून कळतं. कंपनीला तार टाकायची तर गावचा रस्ता उकरायला लागतो, नाहीतर रस्त्याकडेच्या खांबांवरून ती न्यायला लागते. रस्ता गावाचा. मग गाव म्हणतं, धंदा कर बाबा, पण भाडं दे. १९८४ च्या केबल कायद्याने या भाड्याला, म्हणजे माझ्या बिलातल्या त्या 'फ्रँचाईज फी'ला, वरची मर्यादा घातली, केबलच्या उत्पन्नाच्या पाच टक्के. आणि गावांना हेही मागू दिलं की तुझ्या शंभर चॅनेलांतले दोन-तीन आम्हाला ठेव. एक लोकांसाठी, एक शाळेसाठी, एक पंचायतीसाठी. तिथे कंपनीने काय दाखवायचं ते सांगायचं नाही. ही कल्पना त्याहून जुनी. सोनीचा खांद्याला अडकवायचा व्हिडिओ कॅमेरा साठच्या दशकाच्या शेवटी आला आणि काही जणांच्या डोक्यात किडा वळवळला, की टीव्ही बघणाऱ्यानेच टीव्ही केला तर? जॉर्ज स्टोनी नावाचे एक माहितीपटकार कॅनडात असे प्रयोग करून न्यूयॉर्कला आले आणि १९७१ मध्ये रेड बर्न्स या बाईंबरोबर त्यांनी तिथल्या विद्यापीठात एक केंद्र काढलं. कोणालाही कॅमेरा शिकवायचा, कोणाचंही केबलवर दाखवायचं. त्याच वर्षी मॅनहॅटनमध्ये असे चॅनेल सुरू झाले. १९७२ मध्ये केंद्र सरकारच्या दूरसंचार आयोगाने मोठ्या शंभर बाजारपेठांतल्या केबलवाल्यांना हे सक्तीचं केलं. १९७९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती सक्ती काढून टाकली, आयोगाला तेवढा अधिकारच नाही म्हणून. म्हणजे पाळण्यातच एकदा श्वास अडकलेला. १९८४ चा कायदा आला तेव्हा कुठे बाळ रांगायला लागलं.

आता प्रामाणिकपणे सांगतो, या चॅनेलवर बघण्यासारखं फार काही नसतं. सांडपाणी समितीची तीन तासांची सभा. शाळेच्या पोरांचा फुटबॉल, त्यात कॉमेंट्री करणारे दोन बाप, आणि त्यातल्या एकाचा मुलगा खेळत असला की दुसऱ्याने गप्प बसायचं हा अलिखित नियम. एक निवृत्त आजोबा दर आठवड्याला अ‍ॅकॉर्डियन वाजवतात; त्यांचे तीनशेहून जास्त भाग झालेत आणि सूर अजून तिथेच अडखळतो. टीव्हीवरच्या कार्यक्रमांच्या यादीत आमच्या चॅनेलपुढे कार्यक्रमाचं नावही येत नाही, नुसतं 'स्थानिक कार्यक्रम' एवढंच, सकाळ-दुपार-संध्याकाळ. चित्रही इतर चॅनेलांच्या मानाने धुरकट. शेजारी झळझळीत क्रिकेट आणि आमच्याकडे सोमवारच्या सभेतले पाच चेहरे, तुपकट काचेतून पाहावेत तसे.

मी या स्टुडिओत आलो तो आईमुळे. नऊ वर्षांपूर्वी ती सहा महिने राहायला आली होती. थंडीत बाहेर पडणं नाही, मराठी चॅनेलवरच्या मालिका डोकं उठवतात, म्हणून रिमोटशी खेळता खेळता तिला आमच्या गावची सभा सापडली. इंग्रजी तिला जेमतेम. पण ती रोज बघायची. "हा टकला मेला प्रत्येक गोष्टीला नाही म्हणतो," ती मला सांगायची, "आणि ही लाल स्वेटरवाली बरोबर बोलते, पण तिला कोणी बोलू देत नाही." मी तपासलं, दोन्ही खरं होतं. "भांडतात, पण आवाज चढवत नाहीत. आपल्या पालिकेत एव्हाना माइक उपटला असता." पुढे आमच्या मराठी शाळेतल्या कोणीतरी टूम काढली आणि गणपतीच्या आधी आईने या तळघरात उकडीचे मोदक करून दाखवले. दिव्यांच्या उष्णतेने उकड सारखी कोरडी पडत होती आणि ती मराठीत चिडत होती, मी बाजूला उभा राहून त्याचं सभ्य भाषांतर करत होतो. मॅनेजरबाईंनी तीन कॅमेरे लावले होते. त्यातला एक फक्त आईच्या अंगठ्यावर, पाकळी वळताना. परदेशात राहून मी आईच्या हातांकडे इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं, मॉनिटरवर पाहिलं. कार्यक्रम संपल्यावर बाईंनी मला जमिनीवरची एक वायर दिली आणि ती कशी गुंडाळायची ते शिकवलं. मी सवयीने कोपराभोवती गुंडाळायला लागलो, वाळत घालायची दोरी गुंडाळतात तशी. त्यांनी थांबवलं. एक वेढा सरळ, एक उलटा. म्हणजे आतली तार पिळत नाही आणि फेकली की सरळ उलगडते. त्या दिवसापासून मी तिथलाच झालो.

आपल्याकडे हे नव्हतं असं कसं म्हणू? नव्वदच्या दशकात आमच्या गावच्या केबलवाल्याचं स्वतःचं एक चॅनेल होतं. कडुलिंबावरून, गच्चीवरून, विजेच्या खांबावरून ओढलेली काळी वायर, आणि पडद्याच्या तळाशी सरकणारी पट्टी. कोणाचा वाढदिवस, कोणाचं तेरावं, हरवलेली शेळी, ट्यूशनची जाहिरात. अनंत चतुर्दशीला मिरवणुकीचं थेट प्रक्षेपण. लोक घरात बसून स्वतःच्याच गल्लीतला गणपती बघायचे आणि मग बाहेर येऊन परत बघायचे. पण ते त्या माणसाच्या मर्जीचं होतं. नगराध्यक्षाशी त्याचं बरं असलं की पालिकेच्या बातम्या, नसलं की सिनेमा. नंतर सेट टॉप बॉक्स सक्तीचे झाले, मोठ्या कंपन्यांचे सिग्नल आले आणि त्याची पट्टी कधी थांबली ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. त्याच्याकडून पालिकेने भुईभाडं घेतलं होतं का, मी आप्पांना कधी विचारलं नाही. खांबावरची वायर म्हणजे बैलगाडीच की.

इथली गाडी आता जास्त हुशार झालीय. घरात येणारी तार तीच, रस्ता तोच, खांब तेच. पण तिच्यातून टीव्ही आला तर भाडं, इंटरनेट आला तर नाही. २००२ मध्ये आयोगाने ठरवलं की केबलवरून येणारं इंटरनेट ही 'माहिती सेवा' आहे, आणि तिच्या कमाईवरचं भाडं तिथेच बुडालं. तेव्हा कोणाला वाटलं होतं की टीव्हीच एक दिवस इंटरनेटमधून येईल? आता माझ्यासारखे लोक डबे परत करताहेत आणि तोच सिनेमा त्याच तारेतून बघताहेत. मालिका विकणाऱ्या कंपन्या म्हणतात, आमची एक इंचही तार तुमच्या रस्त्यात नाही. ओहायोतलं मेपल हाइट्स नावाचं एक गाव या मुद्द्यावर कोर्टात गेलं, आणि २०२२ मध्ये त्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाने कंपन्यांचं म्हणणं मानलं. आम्ही आमच्या गाडीत बसलोय. कायद्याने ते बरोबर असेलही. मला फक्त वाकून खाली बघणारा माणूस दिसतो.

दरम्यान जी केबल उरली तिच्यावरही वाटाघाटी. २०१९ मध्ये आयोगाने असा नियम केला, की कंपनी गावाला पैशांशिवाय जे देते, त्यातल्या बऱ्याच गोष्टींची किंमत काढून ती पाच टक्क्यांतूनच वजा करता येईल. म्हणजे बाजारात पाटी ठेवायला दिलेल्या जागेचंही भाडं पालिकेनेच भरायचं. गावं भांडली. २०२१ मध्ये अपिलाच्या कोर्टाने तो नियम थोडा सैल केला, की किंमत बाजारभावाने धरायची नाही, कंपनीला प्रत्यक्ष पडणाऱ्या खर्चाने धरायची. बाईंनी तो निकाल छापून फळ्याला लावला होता. त्यावर कॉफीचा गोल डाग आहे. कॅलिफोर्नियात नवा कायदा आल्यावर लॉस एंजेलिसमधले असे स्टुडिओ २००९ च्या सुरुवातीला बंद पडले होते, ते त्या अधूनमधून आठवून सांगतात, गावातल्या जुन्या साथीबद्दल म्हातारी माणसं सांगतात तसं. आमच्या राज्यात एक विधेयक मांडलं गेलं, पुन्हा मांडलं गेलं: ऑनलाइन मालिका-सिनेमे विकणाऱ्यांनीही पाच टक्के द्यावेत. मी बायकोला उत्साहाने सांगितलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "म्हणजे शेवटी आपल्याच बिलात दोन ओळी वाढणार." हो. वाढणार. आणि मी पुन्हा पुटपुटणार, हेही मला माहीत आहे.

शेजाऱ्याला या सगळ्यात रस नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात संसदेने सार्वजनिक प्रसारणाचे एक अब्जाहून जास्त डॉलर परत घेतले, तेव्हा तो कुंपणावरून म्हणाला, "तुमचं ते बंदच झालं ना मग?" मी सांगितलं, ते वेगळं, आम्हाला केंद्राचा एक पैसाही कधी नव्हता. तो म्हणाला, "पण बघतं कोण?" मी घरात आलो. उत्तर सुचलं नाही म्हणून नव्हे. सुचलेलं उत्तर मलाच पटेना म्हणून.

कारण मीही बघत नाही. २०२० मध्ये बघितलं होतं, सगळ्यांनीच. एप्रिलपासून गावाची प्रत्येक सभा आपापल्या स्वयंपाकघरांतून चालली होती आणि ती जोडून लोकांपर्यंत नेण्याचं काम तीन माणसांनी रात्रंदिवस केलं. चर्चची प्रार्थना, वाचनालयाची गोष्ट, वृद्धांसाठी खुर्चीतला व्यायाम. लेकीच्या शाळेचा पदवीदान समारंभ रद्द झाला, तेव्हा बाईंनी रिकाम्या सभागृहात एकेका मुलाला वेळ देऊन बोलावलं. चार मिनिटं. टोपी, झगा, मास्क, मंचावरून चालत जायचं, मास्क काढून हसायचं, मास्क लावून उतरायचं. आठ दिवस हे चाललं. मी कॅमेऱ्यावर होतो आणि माझीच मुलगी समोरून चालत गेली, तिच्या बुटांचा आवाज त्या रिकाम्या सभागृहात केवढा तरी मोठा झाला. सगळं जोडून दाखवलं तेव्हा आईने ते सांगलीत मोबाइलवर बघितलं, यूट्यूबवर, फुकट. त्याचे पैसे इथल्या कोण्या म्हातारीच्या केबलच्या बिलातून गेले होते. तेव्हा तीन पगारी माणसं होती. आता दीड आहे. दीडमधली अर्धी व्यक्ती म्हणजे एक तरुण मुलगा, जो उरलेला अर्धा दिवस पिझ्झा पोचवतो.

मेमध्ये आमचा विषय गावच्या मंडळापुढे आला. केबलचे पैसे आटताहेत, तर गावाच्या अंदाजपत्रकातून थोडी भर घालाल का? त्या संध्याकाळी कॅमेऱ्यावर मी होतो. आमच्याच भविष्याची चर्चा आम्हीच चित्रित करायची. स्वतःच्या लग्नात फोटो काढायला उभं राहावं तसं. आमच्या आधी शाळेच्या वर्गखोलीचं छत होतं आणि बर्फ काढायचा वाढलेला खर्च होता. टकले सद्गृहस्थ आता नाहीत, लाल स्वेटरवाल्या बाई आहेत. मधल्या काळात त्यांचे केस पांढरे झालेत. मॅनेजरबाई माइकपुढे आल्या. मी हळूच जवळ गेलो, कॅमेऱ्याने. कपाळावरचा चष्मा, हातातला कागद किंचित हलणारा. एका सदस्याने तेच विचारलं, बघतं कोण? बाई म्हणाल्या, "बघणाऱ्यांचा आकडा केबल कंपनी आम्हाला देत नाही. पण परवा आमचं प्रक्षेपण बारा मिनिटं बंद पडलं, तर सात फोन आले. त्यातला एक तुमच्या आईचा होता." सभागृह हसलं. तो सदस्यही हसला. मी कॅमेरा त्याच्यावर नेला, थोडा उशिरा. विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला.

लोक गेल्यावर आम्ही दोघं आवरत होतो. दिवे उतरवले, तिपाई मिटल्या. जमिनीवर लांबच लांब वायर पडली होती. एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी. एक वेढा सरळ, एक उलटा. मला तेव्हा बोलायचं होतं. घसा साफ केला. पण त्याच बोलल्या, वायरीवरची नजर न काढता.

"फेब्रुवारीतल्या त्या सभेनंतर तू मला सकाळी कळवलं होतंस, की घरून बघितली, आवाज फार स्वच्छ होता."

"हो."

"त्या रात्री केबलवर आवाजच नव्हता. पूर्ण दोन तास. ऑनलाइन होता फक्त."

माझ्या हातातला वेढा चुकला. तो सोडून मी पुन्हा घेतला. तळघरातला हीटर मे महिन्यातही चालू होता. बंद करायची कळ कधीची बिघडली आहे.

"मला वाटलं तुम्ही चार मोजले," मी म्हणालो.

"चार म्हटलं," बाई म्हणाल्या. "लिहिले तीनच."